चपलेची टाच आणि पतंजलींची तीन सूत्रं : अय्यंगार योगाचा इतिहास वाचताना

(कोल्हापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आपण सगळे दाराशी चपला काढून आत आलात. जाताना एक काम करा. आपापली चपल उलटी करून टाच बघा. कोल्हापुरी असेल तर उत्तमच, कारण कातडं खोटं बोलत नाही. बहुतेकांची टाच एका बाजूनं जास्त झिजलेली दिसेल. कुणाची बाहेरून, कुणाची आतून, कुणाची उजवी जास्त, डावी कमी. याचा अर्थ एवढाच, की आपण दोन पायांवर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण आपण तसे उभे नसतो. वजन कुठेतरी कलंडलेलं असतं, आणि ते आपल्याला ठाऊकच नसतं.

ही चपलेची गोष्ट माझी नाही. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ साली आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात ताडासनाबद्दल लिहिताना पादत्राणांच्या झिजलेल्या टाचांचा दाखला दिला आहे. ताडासन म्हणजे नुसतं सरळ उभं राहणं. त्यातही काही शिकण्यासारखं आहे, हे लोकांना पटवायला त्यांनी टाच पुढे केली.

आज मला बोलायचंय ते याच विषयावर. योगासनात पायाचा अंगठा कुठे, गुडघ्याची वाटी कुठे, खांदा कुठे, याचा जो काटेकोर विचार अय्यंगारांच्या पद्धतीत होतो, त्याला आज जगभर 'अलाइनमेंट' म्हणतात. मराठीत त्याला एकच रूढ शब्द नाही. पण कल्पना आपल्याला नवी नाही. सुतार म्हणतो, 'चौकट गुण्यात आहे.' गवंडी ओळंबा सोडतो. आपल्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात लेथवर काम करणारा कारागीर आधी जॉब सेंटरला घेतो, मगच हत्यार लावतो. सेंटर चुकलं तर पुढचं सगळं काम वाया. आसनातली अलाइनमेंट म्हणजे तेच : शरीर गुण्यात घेणं.

प्रश्न असा आहे, की शरीर गुण्यात घेणं म्हणजे योग का? की हा नुसता व्यायाम? हा प्रश्न मी नुसता तोंडी लावायला घेतलेला नाही. यावर गेली पन्नास-साठ वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, 'पाच हजार वर्षांची परंपरा आहे, प्रश्न विचारू नका.' दुसरी म्हणते, 'ही विसाव्या शतकातली कवायत आहे, तत्त्वज्ञान नंतर वरून चिकटवलंय.' इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. म्हणून आधी कागदावर काय आहे ते बघू.

जुन्या ग्रंथांत काय आहे

गीतेच्या सहाव्या अध्यायात, तेराव्या श्लोकात, धड, मान आणि डोकं एका रेषेत ठेवून स्थिर बसावं असं सांगितलंय. म्हणजे रेषेची कल्पना आहे. पण ती ध्यानाला बसण्यापुरती आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत सगळी मिळून १९५-१९६ सूत्रं. त्यात आसनाबद्दल फक्त तीन : दुसऱ्या पादातली ४६, ४७ आणि ४८. पहिल्याचा आशय, आसन स्थिर आणि सुखाचं असावं. दुसऱ्याचा, प्रयत्न सैल पडतो आणि चित्त अनंताशी एकरूप होतं तेव्हा ते साधतं. तिसऱ्याचा, मग द्वंद्वांचा, म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख यांचा आघात होत नाही. बस्स, एवढंच. कुठला पाय कुठे ठेवा, हे पतंजली सांगत नाहीत.

व्यासभाष्यात आसनांची काही नावं येतात : पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन वगैरे. त्या यादीत एक नाव आहे 'सोपाश्रय'. स-उपाश्रय, म्हणजे आधार घेऊन केलेलं. वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ योगपट्टा लावून बसणं असा केला आहे. हंपीचा प्रचंड नरसिंह आपल्यापैकी अनेकांनी बघितला असेल. त्याच्या गुडघ्यांभोवती जो पट्टा आहे, तोच हा योगपट्टा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हठयोगाकडे या. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत. त्यात उभ्यानं करायचं एकही नाही. नंतरच्या घेरंडसंहितेत बत्तीस आहेत, त्यात वृक्षासन आहे. पण आज योगवर्गात पहिल्या दिवशी शिकवतात ते त्रिकोणासन या दोन्ही ग्रंथांत नाही.

आणि आपली ज्ञानेश्वरी? शके १२१२, म्हणजे १२९०. सहाव्या अध्यायात ज्याला आपण पंथराज म्हणतो, त्या भागात ज्ञानदेव आसनाची जागा कशी असावी इथपासून सुरुवात करतात, आणि मग टाच कुठे दाबायची, पाठ कशी धरायची, हनुवटी कुठे टेकायची इथपर्यंत येतात. मराठीत शरीराच्या मांडणीचं इतकं बारीक वर्णन त्या काळात झालंय. पण तिथंही आसन एकच आहे, बैठं आहे, आणि ते कुंडलिनीच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आहे.

म्हणजे निष्कर्ष काय? रेषा जुनी आहे. पण प्रत्येक आसनात, उभ्यानं, वाकून, उलटं होऊन, ती रेषा शोधणं, हे जुन्या ग्रंथांत नाही. ते नवं आहे. आणि ते मुख्यतः आपल्या पुण्यात घडलंय.

आखाड्याचा आणि प्रयोगशाळेचा काळ

पुण्यात ते का घडलं, हे समजायला शंभर वर्षं मागे जाऊ. लोकांनी अंग कमवावं, ही त्या काळची मोठी चळवळ होती. कोल्हापुरात मी ते काय सांगणार! शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. बडोद्यात राजरत्न माणिकराव जुम्मादादा व्यायामशाळा चालवत होते. त्यांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं, प्राणायाम यांच्यावर यंत्रं लावून मोजमापं सुरू केली. त्याआधी १९१८ साली श्री योगेंद्र यांनी मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढली होती. आणि इथून जवळच, साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. नुसता प्रचार नव्हे, स्वतः घालत होते, रोज.

म्हणजे योग त्या काळात मठातून बाहेर येऊन व्यायामशाळेत आणि प्रयोगशाळेत शिरला होता. तिकडे दक्षिणेत म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णराज वाडियार चौथे यांच्या आश्रयानं तिरुमलै कृष्णमाचार्य योगशाळा चालवत होते. नॉर्मन स्योमन नावाच्या अभ्यासकानं १९९६ साली म्हैसूर राजवाड्याच्या योगपरंपरेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, की तिथल्या आसनांमध्ये जुन्या हठयोगाबरोबर मल्लांचे व्यायाम आणि पाश्चात्त्य जिम्नॅस्टिक्सही मिसळलेत. २०१० साली मार्क सिंगलटननं याच धर्तीचा मुद्दा आणखी विस्तारानं मांडला. तालमीत जोर मारणाऱ्या पोराला अधोमुख श्वानासन दाखवा. तो म्हणेल, 'ह्यात काय, हा तर आमचा अर्धा जोर!' (हशा) त्याचं अगदीच चूक नाही.

एक आजारी पोर

आता आपल्या नायकाकडे येऊ. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. जन्म १४ डिसेंबर १९१८, कोलार जिल्ह्यातलं बेल्लूर. ती इन्फ्लुएन्झाची साथ होती, आई तापानं फणफणलेली. तेरा भावंडांतला हा अकरावा. वडील शाळामास्तर, ते मुलाच्या नवव्या वर्षी गेले. हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळं अंगावर काढलेलं. हात-पाय काडीसारखे, डोकं मात्र मोठं.

कृष्णमाचार्य हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. १९३४ साली त्यांनी मेहुण्याला म्हैसूरला बोलावलं. शिकवायला म्हणून नव्हे, घरी सोबत म्हणून. आसनं शिकवली ती मोजक्या दिवसांत आणि फार कडकपणे. एकदा प्रात्यक्षिकात हनुमानासन करायला सांगितलं. पोरगा म्हणाला, चड्डी घट्ट आहे, पाय फाकणार नाहीत. गुरूंनी कात्री मागवून चड्डीच्या शिवणी कापल्या. आसन झालं, पण मांडीचे स्नायू फाटले आणि ते दुखणं पुढे कित्येक वर्षं राहिलं. ही गोष्ट अय्यंगारांनी स्वतः सांगितलेली आहे. ती मी करमणुकीसाठी सांगत नाही. अचूकपणाचा जो ध्यास पुढे आला, त्याच्या मुळाशी असं फाटलेलं शरीर आहे, हे विसरता कामा नये.

१९३६ साली कृष्णमाचार्य शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात दौऱ्यावर निघाले. हुबळी, धारवाड, बेळगाव. म्हणजे आपल्या शेजारी. धारवाडात काही स्त्रियांना योग शिकायचा होता. शिकवणार कोण? सगळ्यांत लहान म्हणून हा सतरा वर्षांचा मुलगा पुढे केला. त्यांचं शिक्षक म्हणून पहिलं काम हे, स्त्रियांच्या वर्गापासून. त्या काळात आपल्या तालमींत बायकांना पाऊल टाकता येत होतं का? तुम्हीच आठवा.

बेळगावात डॉ. व्ही. बी. गोखले सिव्हिल सर्जन होते. त्यांनी प्रात्यक्षिक बघितलं. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले आणि १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला सहा महिन्यांसाठी माणूस पाठवा, म्हणून त्यांनी कळवलं. कृष्णमाचार्यांच्या शिष्यांत जरा इंग्रजी येणारा हाच. गंमत अशी, की शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तो इंग्रजीतच नापास झालेला! (हशा) अठरा वर्षांचा, मराठीचं एक अक्षर येत नाही, डोक्यावर शेंडी, आणि समोर कॉलेजातली धट्टीकट्टी पोरं. सहा महिन्यांचे वाढत वाढत तीन वर्षं झाली. मग ते कामही गेलं. पोटभर जेवायला मिळेना असे दिवस आले. पण त्यांनी पुणं सोडलं नाही.

रेषा सापडली कशी

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंट आली कुठून?

१९३८ सालची एक मूक चित्रफीत आजही बघायला मिळते. त्यात वीस वर्षांचे अय्यंगार आहेत. काय करतात? एका आसनातून दुसऱ्यात उड्या मारत, सपासप जातात. विलक्षण लवचीक. पण ज्याला आपण आज अय्यंगार पद्धत म्हणतो, ती त्यात नाही. थांबणं नाही, तपासणं नाही. आता १९६६च्या ग्रंथातली छायाचित्रं घ्या. जवळजवळ सहाशे. प्रत्येक आसन कोरीव मूर्तीसारखं. या दोन पुराव्यांच्या मधली अठ्ठावीस वर्षं म्हणजे आपला विषय.

या काळात तीन गोष्टी घडल्या, असं माझं वाचन आहे.

पहिली : गुरू दूर होते. पुण्यात विचारायला कोणी नव्हतं. मोजक्या दिवसांची शिदोरी, आणि अंग तर दुखरं. मग विचारायचं कुणाला? स्वतःच्या शरीराला. दिवसाचे कित्येक तास ते एकटे सराव करत. आज उजवीकडे दुखलं, डावीकडे का नाही? पाऊल जरा वळवलं तर? असं करत करत शरीरच त्यांचा ग्रंथ झालं.

दुसरी : डॉक्टर शेजारी होते. डॉ. गोखले व्याख्यान द्यायचे आणि अय्यंगार आसनं करून दाखवायचे. स्नायू, सांधे, मणके यांची नावं आणि कामं त्यांच्या कानावर पडली. हठयोगाची नाडी-चक्रांची भाषा आणि शरीरशास्त्राची भाषा एका व्यासपीठावर आली.

तिसरी, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती : त्यांच्याकडे निरोगी माणसांबरोबरच दुखणाईतही येत. कंबर धरलेली, दमा असलेला, गुडघे गेलेली. धडधाकट पोरगं आसन चुकीचं केलं तरी खपवून नेतं. आजारी माणसाला चूक लगेच कळते, कारण ती लगेच दुखते. म्हणून नेमकेपणा ही सजावट नव्हती, गरज होती.

उदाहरणासाठी त्रिकोणासन घ्या. पाय तीन-साडेतीन फुटांवर. उजवं पाऊल नव्वद अंशांत बाहेर, डावं किंचित आत. गुडघ्याच्या वाट्या वर ओढलेल्या. उजवीकडे झुकायचं, तळहात घोट्याकडे. आपण काय करतो? हात जमिनीला लावायचा म्हणून छाती खाली पाडतो, नितंब मागे काढतो. हात टेकतो, फोटो छान येतो, पण आसन हरवतं. अय्यंगार म्हणणार, हात नाही टेकला तरी चालेल, पण पायांची मागची बाजू, नितंब आणि छाती एका रेषेत राहू द्या. म्हणजे पाठीमागे भिंत असल्यासारखं. आणि हे कळत नसेल तर खरोखरच भिंतीला पाठ लावा. हाताखाली वीट घ्या.

ही वीट म्हणजे पुढे जगभर गेलेली साधनं. लाकडी ठोकळे, पट्टे, घोंगड्या, खुर्च्या, भिंतीतले दोर. लोक टीका करायचे, 'हा कसला फर्निचरचा योग!' पण मघाशी 'सोपाश्रय' हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. आधार घेऊन आसन करणं हे व्यासभाष्याच्या यादीत आहे. अय्यंगारांनी त्याचा विस्तार इतका केला, की अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही सेतुबंध करता यावा. त्यांची कन्या गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी होती. ती याच सरावातून उभी राहिली आणि स्त्रियांच्या योगसाधनेवर अधिकारानं लिहिणारी आचार्या झाली.

तत्त्वज्ञान वगळून योग

१९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन मुंबईत आले. अय्यंगारांना भेटीसाठी पाच मिनिटं दिली होती. ती तासावर गेली. थकलेले मेनुहिन शांत झोपले. १९५४ साली ते अय्यंगारांना युरोपात घेऊन गेले. मेनुहिनना काय मिळालं असेल? व्हायोलिन सतत डाव्या खांद्यावर. शरीर सतत एका बाजूला ओढलेलं. म्हणजे परत आपली चपलेची टाच! ज्याचं सगळं आयुष्य एका तिरकेपणावर उभं आहे, त्याला सरळ रेषेचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळणार. १९६६च्या ग्रंथाची प्रस्तावना मेनुहिन यांचीच आहे.

मग एक फार बोलकी घटना घडली. १९६९च्या सुमारास लंडनच्या शिक्षण प्राधिकरणानं प्रौढांच्या वर्गांत योग शिकवायला मान्यता दिली. अय्यंगारांच्या पद्धतीला. पण अट घातली : आसनं आणि प्राणायाम शिकवा, योगाचं तत्त्वज्ञान नको. अय्यंगारांनी ती अट मान्य केली.

इथं टीकाकार म्हणतात, बघा, सापडलं! तत्त्वज्ञान काढून टाकलं तरी चाललं, म्हणजे ते मुळात नव्हतंच.

मला वेगळं दिसतं. त्यांची भूमिका अशी होती, की आसन नीट केलं तर त्यातच बाकीचं येतं. हे नुसतं चतुर उत्तर आहे का? तपासून बघू. अष्टांगांमध्ये यम आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आता त्रिकोणासनात उभे राहा. उजवी बाजू सहज ताणली जाते, डावी आळसावते. मजबूत बाजूवर जबरदस्ती केली तर ती हिंसा. आळशी बाजूकडे दुर्लक्ष केलं तर तीही एक प्रकारची हिंसाच. हात टेकला असं दाखवण्यासाठी रेषा मोडली तर ते असत्य. नियमांकडे या. रोज तेच आसन करण्याची चिकाटी म्हणजे तप. आपलं शरीर काय सांगतंय ते वाचणं म्हणजे स्वाध्याय. ही मांडणी माझ्या शब्दांत आहे, पण प्रत्येक आसनात आठही अंगं पाहावीत, हा विचार अय्यंगारांचाच. आणि पतंजलींचं तिसरं सूत्र आठवा, द्वंद्वांचा आघात होत नाही. उजवं-डावं, पुढचं-मागचं ही आपल्या शरीरातली सगळ्यांत जवळची द्वंद्वं. सुख-दुःखाची समता लांब राहिली, आधी दोन टाचांची समता आणून दाखवा!

रेषेचं तत्त्वज्ञान काय, हे सांगायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आपण वर्षातून दोनदा बघतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येतात, पहिल्या दिवशी चरणांना, मग वर चढत मुखापर्यंत. वाटेत एखादी इमारत आडवी आली की किरण अडतात. मूर्ती तिथंच आहे, सूर्य तिथंच आहे, फक्त वाट मोकळी नाही. अय्यंगारांचा विचार मला असा समजतो. शरीराचे अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच कोश आपल्या परंपरेत मानले आहेत. सांधा वाकडा, पेशी दबलेली, श्वास अडलेला, तर जाणीव आतपर्यंत आणि आतून बाहेरपर्यंत पोहोचत नाही. सरळ रेषा हे साध्य नाही. ती प्रकाशाला वाट करून देणं आहे.

आता इतिहास म्हणून प्रामाणिक असू. हा विचार १९३७ साली त्यांच्याजवळ तयार होता का? मला नाही वाटत. आधी शरीर आलं, मग श्वास, मग सूत्रं. त्यांच्या ग्रंथांचा क्रमच बघा. १९६६ साली आसनांचा मुख्य ग्रंथ. १९८१ साली प्राणायामावरचा. १९९३ साली पतंजलींच्या सूत्रांवरचा. मधे १९७५ साली पुण्यात शिवाजीनगरला त्यांच्या पत्नीच्या नावानं रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. १९७३ साली जागेचं भूमिपूजन झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच रमामणी गेल्या होत्या. त्या इमारतीला आठ खांब आहेत, योगाच्या आठ अंगांचे म्हणून. तत्त्वज्ञान वरून चिकटवलं, असं म्हणणाऱ्यांना मी म्हणेन : चिकटवलं नाही, ते उशिरा उगवलं. माणूस टाचेपासून सुरू करून सूत्रांपर्यंत गेला. पतंजलींनी अष्टांगांत आसनाला तिसरं स्थान दिलंय, समाधीला आठवं. वाट खालून वर जाते, यात लाजण्यासारखं काय आहे?

दोन अवघड प्रश्न

पण सगळं गोडगोड सांगून मी खाली बसणार नाही.

पहिला प्रश्न अहिंसेचा. अय्यंगार वर्गात फार कडक होते. ओरडत, थापटाही मारत. त्यांच्या शिष्यांनीच हे लिहिलं आणि सांगितलं आहे. कोणी म्हणतं, त्या थापेनं झोपलेला स्नायू जागा व्हायचा. कोणी म्हणतं, ती भीती होती. ज्यानं कात्रीनं चड्डी कापणाऱ्या गुरूकडे शिक्षण घेतलं, त्याच्या हातात तो कडकपणा उतरला, हे समजू शकतं. समजणं वेगळं आणि समर्थन करणं वेगळं. आपल्या तालमींतल्या वस्तादांच्या काठीबद्दलही हेच म्हणावं लागेल. परंपरेतून ज्ञान येतं, तशी इजाही येते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ही जबाबदारी पुढच्या पिढीची आहे. ज्या पद्धतीनं दुखणाइताच्या मानेखाली घोंगडीची घडी एक बोट जाड की दोन बोटं, इतका विचार केला, त्या पद्धतीला हातानं शिकवतानाही तेवढाच विचार करता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न अहंकाराचा. अचूकपणा हाही एक रोग होऊ शकतो. माझं त्रिकोणासन तुझ्यापेक्षा रेषेत. आज मोबाइलवर आसनांचे फोटो टाकायची चढाओढ लागलीय, त्यात रेषा आहे, पण प्रयत्न सैल पडण्याचं ते दुसरं सूत्र कुठे आहे? पतंजली म्हणतात, प्रयत्न शिथिल व्हायला हवा. अय्यंगारांनीही याच सूत्राकडे बोट दाखवून म्हटलंय, की धडपड संपते तेव्हा आसन पूर्ण होतं. रेषा सापडेपर्यंत मेहनत. सापडल्यावर त्या रेषेत विसावणं. दुसरा भाग राहून गेला, तर टीकाकार म्हणतात ते खरं ठरेल. मग ती कवायतच.

तालमीपासून इथपर्यंत

शेवटाकडे येतो.

अय्यंगारांना १९९१ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०१४ साली पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी २० ऑगस्टला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, पुण्यात ते गेले. क्षयानं खंगलेलं पोर, जगेल की नाही अशी शंका असलेलं. गीताताई २०१८ साली, वडिलांच्या जन्मशताब्दीनंतर दोनच दिवसांनी गेल्या.

मघाशी मी विचारलं, हा व्यायाम की योग? तालमीच्या गावात या प्रश्नाचं उत्तर सोपं असायला हवं. आपल्याकडे पैलवान आखाड्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो. त्या क्षणी तो व्यायाम करतोय की उपासना? तुम्ही म्हणाल, ते त्याच्यावर आहे. बरोबर. मातीत ते आहेही आणि नाहीही. आसनाचं तसंच आहे. लंडनच्या प्राधिकरणानं कागदावर अट घातली, पण वर्गात उभ्या राहिलेल्या माणसानं एकाग्र होऊन स्वतःची झिजलेली बाजू बघायची ठरवली, तर कुठला कागद त्याला अडवणार?

परंपरा पाच हजार वर्षांची आहे, असं म्हणून तिला मखरात बसवू नका. कालची आहे, म्हणून टाकूनही देऊ नका. म्हैसूरचा राजवाडा, धारवाडच्या स्त्रिया, बेळगावचा सर्जन, पुण्याचा जिमखाना आणि एक दुखरं शरीर, एवढ्यांनी मिळून ही पद्धत घडवली. म्हणजे ती आपल्याच परिसरात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांसमोर घडलीय. तिच्या नवेपणात तिचा कमीपणा नाही.

आता उठा, आणि बाहेर चपला घालण्याआधी दोन मिनिटं अनवाणी, सरळ उभे राहा. दोन्ही टाचांवर सारखं वजन येतंय का बघा. जमलं तर चांगलंच. नाही जमलं, तर कुठं कललोय ते कळलं. सुरुवात तिथूनच होते.